भेकडाची कैफियत आणि संपादिकेच्या तळटिपा : सायफस केनच्या आठवणींची कथनमीमांसा

लष्करी अधिकाऱ्याचे आत्मकथन हा मुळात निवृत्तीनंतरचा वाङ्मयप्रकार आहे. ज्याच्या हाती आता तलवार उरलेली नाही त्याने लेखणीच्या आधारे आपल्या जुन्या लढाया पुन्हा एकदा लढाव्यात आणि या वेळी त्या निर्विवादपणे जिंकाव्यात, अशी या प्रकारामागची प्रेरणा असते. म्हणूनच अशा लेखनात आठवणीपेक्षा कैफियतीचा अंश अधिक असतो. चुकलेला निर्णय परिस्थितीच्या माथी जातो, फळाला आलेला निर्णय दूरदृष्टीच्या खात्यावर जमा होतो, आणि भीतीचा उल्लेख झालाच तर तो ती जिंकल्याचे सांगण्यापुरता होतो. हा सारा संकेतव्यूह उलटा करून, म्हणजे शौर्य नाकारण्यासाठीच कैफियत लिहिणारा निवेदक उभा केला तर काय घडते, या प्रश्नाचे एक उल्लेखनीय उत्तर इंग्रजी विज्ञानकथेच्या एका अगदी बाजारी वाटणाऱ्या कोपऱ्यात सापडते.

'वॉरहॅमर ४०,०००' हे मूळचे नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेल्या, टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून खेळावयाच्या युद्धखेळाचे नाव. या खेळाभोवती पुढे कादंबऱ्यांचे एक विशाल विश्व उभे राहिले. काळ सुमारे चाळीस हजार वर्षे पुढचा. मानवजातीचे साम्राज्य आकाशगंगेभर पसरलेले, पण आतून कुजलेले. सम्राट सुवर्णसिंहासनावर धड जिवंत नाही, धड मृत नाही अशा अवस्थेत खिळलेला, आणि त्याच्या नावाने चालणारा कारभार धर्मांध, नोकरशाहीग्रस्त व निर्दय. या साम्राज्याच्या पायदळात प्रत्येक पलटणीबरोबर एक कमिसार नेमलेला असतो. सैनिकांची निष्ठा राखणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी डळमळणाऱ्या माणसाला जागच्या जागी गोळी घालण्याचा अधिकार त्याला असतो. सायफस केन हा असा कमिसार. बायबलमधील दोन बदनाम नावांची आठवण करून देणारे नाव लेखकाने त्याला दिले आहे, हे जाता जाता नोंदवावयास हवे. 'फॉर द एम्परर' (२००३) ही या मालिकेतील पहिली कादंबरी. त्यानंतर 'केव्ह्ज ऑफ आइस' (२००४), 'द ट्रेटर्स हँड' (२००५), 'डेथ ऑर ग्लोरी' (२००६) अशी ती पुढे चालत राहिली आणि 'व्हेनग्लोरियस' (२०२३) पर्यंत आली. मुखपृष्ठावरचे सँडी मिचेल हे नावही अॅलेक्स स्टुअर्ट या लेखकाने घेतलेले टोपणनाव आहे. ज्या लेखनात प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावर संशय घेतो, त्याच्या बाह्य पृष्ठावरही मुखवटाच असावा हे सयुक्तिक म्हणावे लागेल.

या कादंबऱ्यांची रचना वरवर साधी दिसते, प्रत्यक्षात ती तिपेडी आहे. केनने निवृत्तीनंतर दोन आत्मकथने लिहिली अशी कल्पना आहे. एक प्रसिद्ध झालेले, सम्राटाच्या सेवेतील आयुष्याचा गौरव करणारे, अधिकृत. दुसरे कोणालाही न दाखवता लिहून ठेवलेले, विस्कळीत, प्रकरणेही न पाडलेले. वाचकाच्या हाती येते ते हे दुसरे. त्यात साम्राज्याचा हा लाडका वीर सांगतो की आपण जन्मभर जीव वाचवण्यापलीकडे काहीच केले नाही, आणि प्रत्येक पराक्रम हा पळून जाण्याच्या फसलेल्या बेताचा परिणाम होता. केनच्या मृत्यूनंतर हे हस्तलिखित अँबर्ले व्हेल या इन्क्विझिटरच्या, म्हणजे साम्राज्याच्या धर्मचौकशी यंत्रणेतील अधिकारिणीच्या हाती पडते. ती त्याची प्रकरणे पाडते, त्याला तळटिपा जोडते आणि केनने वगळलेला व्यापक संदर्भ भरून काढण्यासाठी मधूनमधून इतर दस्तऐवजांतील उतारे घालते. एकच घटना अशा रीतीने किमान तीन पातळ्यांवर वाचावी लागते : केनची कबुली, तिच्यावरचे संपादकीय भाष्य आणि इतरांनी लिहिलेला 'इतिहास'. चौथा, प्रसिद्ध झालेला वृत्तांत वाचकाला जवळजवळ मिळतच नाही. त्याची केवळ सावली जाणवत राहते.

या कल्पनेचे ऋण उघड आहे आणि लेखकाने ते नाकारलेलेही नाही. जॉर्ज मॅक्डॉनल्ड फ्रेझर यांनी १९६९ मध्ये 'फ्लॅशमन' ही कादंबरी प्रसिद्ध केली. टॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' (१८५७) या शाळकरी कादंबरीतला दांडगट मुलगा पुढे ब्रिटिश साम्राज्याचा सन्मानित सेनानी होतो आणि म्हातारपणी आपण भित्रे, लंपट व लबाड होतो हे बिनदिक्कत लिहून ठेवतो, असा त्या कादंबरीचा बनाव. फ्रेझर स्वतः संपादकाच्या भूमिकेत राहून टीपा देतात. अमेरिकेतील काही परीक्षकांना हे खरेखुरे आत्मचरित्र वाटले होते, इतका त्या टीपांचा आव बेमालूम होता. पहिल्या अफगाण युद्धाच्या अखेरीस जलालाबादजवळच्या ठाण्यात शरण जाण्यासाठी निशाण हवाली करू पाहणारा फ्लॅशमन निशाण कवटाळून पडलेला वीर म्हणून सापडतो, हा प्रसंग केनच्या सगळ्या विजयांचा मूळपुरुष आहे. (खोट्या आठवणींचा हा कारागीर स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर साधा शिपाई म्हणून लढला होता आणि १९९२ मध्ये त्याने त्या अनुभवावर एक खरे, संयत पुस्तकही लिहिले, ही गोष्ट त्याच्या विडंबनामागील जाणकारी स्पष्ट करते.)

तथापि साम्य येथेच संपते. फ्लॅशमन खरोखरच दुर्जन आहे. त्याने केलेले अत्याचार त्याच्याच तोंडून ऐकताना वाचकाला त्याच्याविषयी शंका उरत नाही. शंका येते ती त्याला गौरवणाऱ्या साम्राज्याविषयी. केनच्या बाबतीत नेमके उलटे घडते. तो स्वतःला नालायक म्हणतो आणि वाचकाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'द र्‍हेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात मांडलेली अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना सामान्यतः दोष झाकणाऱ्या निवेदकांना लावली जाते. निवेदक स्वतःला सज्जन म्हणवतो आणि निवेदनाच्या फटींतून त्याचे अपराध डोकावतात. केन आपले अपराध मोठ्याने सांगतो आणि फटींतून डोकावतात ते त्याचे गुण. संकटात सापडलेल्या सोबत्याला ओढून आणल्यावर तो लगेच खुलासा करतो की एकट्याने पळण्यापेक्षा दोघांनी पळणे सुरक्षित होते. खुलाशाची ही घाई हाच त्याच्या विरुद्धचा पुरावा ठरतो.

फिलिप लेजून यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राची व्याख्या लेखक आणि वाचक यांच्यातील कराराच्या रूपात केली : ग्रंथकार, निवेदक आणि नायक एकच आहेत अशी हमी. येथे हा करार मुखपृष्ठावर मोडतो आणि आतल्या पानावर पुन्हा जुळतो. परंतु आतला करारही अडचणीचाच आहे. जो माणूस आयुष्यभर खोटे वागल्याचे कबूल करतो, त्याची ही कबुली खरी कशावरून? जाहीर आत्मकथनात त्याने खोटे लिहिले असेल, तर खाजगी आत्मकथनात खरेच लिहिले असेल असे मानण्यास आधार एवढाच की ते कोणासाठी लिहिलेले नाही. पण वाचकच नसलेले लेखन ही तर आत्मकथनाची सर्वांत जुनी बतावणी आहे. अँबर्ले व्हेल या पेचावर एक व्यावहारिक तोडगा काढते. घटनांच्या बाबतीत केन विश्वसनीय आहे, कारण त्या इतर साधनांवरून पडताळता येतात. हेतूंच्या बाबतीत मात्र तो स्वतःवर अन्याय करीत असावा, असे ती सुचवत राहते. हा निवाडा वाचकाच्या इतका सोयीचा आहे की तो तपासून पाहणे आवश्यक ठरते.

पहिल्या कादंबरीच्या आरंभीचा एक प्रसंग त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. टायरॅनिड या परग्रहीय झुंडींशी झालेल्या लढाईत दोन व्हॅल्हॅलन पलटणी, २९६ वी आणि ३०१ वी, जवळजवळ नष्ट झालेल्या आहेत. एक सर्वस्वी पुरुषांची, दुसरी स्त्रियांची. उरलेल्यांची मोट बांधून एकच पलटण केली आहे आणि दोन्ही गट एकमेकांचे वैरी बनले आहेत. वाहतूक-जहाजावर भोजनगृहात दंगल उसळते, ती आवरण्यास आलेले जहाजावरचे शिस्तरक्षक मारले जातात. जहाजाचा कप्तान अपराध्यांच्या देहदंडाची मागणी करतो. कमिसारने तत्काळ गोळ्या घालाव्यात हाच रिवाज. केन ते टाळतो. पलटणीच्या मनात त्याने आपली उभी केलेली प्रतिमा, पुढच्या लढाईत मागून येऊ शकणारी 'आपल्याच' माणसाची गोळी, आणि ती न येण्यासाठी साधावयाचा समतोल, असे सगळे गणित तो वाचकासमोर मांडतो. शिक्षा पुढे ढकलली जाते. गट मिसळून तुकड्या बनवल्या जातात आणि पलटणीला नवा क्रमांक मिळतो ५९७, म्हणजे दोन्ही जुन्या क्रमांकांची बेरीज. वैर विरते. वाचवलेल्या जिवांतील काही पुढे टिकत नाहीत, पण तो वेगळा भाग.

या प्रसंगातून केन दयाळू ठरतो की धूर्त, हा मालिकेच्या वाचकांचा आवडता वाद आहे. तो सुटणारा नाही आणि सुटावा अशी रचनाही नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या व्यवस्थेत दयेला स्वतःची भाषाच उपलब्ध नाही. सैनिकांना मारणे चूक आहे म्हणून मारू नये, असे वाक्य कमिसारला बोलता येत नाही, लिहिता येत नाही, आणि बहुधा मनातही आणता येत नाही, कारण साम्राज्याच्या शब्दकोशात ते दौर्बल्य किंवा पाखंड या नोंदींखाली येते. मला स्वतःचा जीव प्यारा आहे म्हणून मी मारत नाही, हे मात्र सांगता येते, निदान खाजगीत. भीती हा माणुसकीने घेतलेला परवाना आहे. केनचा तथाकथित भ्याडपणा हा स्वभावदोष नसून एका निष्ठुर व्यवस्थेत विवेकाने शोधलेले एकमेव मान्य असे टोपणनाव आहे, असे मानले म्हणजे त्याच्या खुलाशांतील घाईचा उलगडा होतो. तो जगाला फसवतो हे त्याला ठाऊक आहे. स्वतःच्या चांगुलपणाला भीतीचे नाव देऊन तो स्वतःलाही फसवतो, हे त्याला ठाऊक नाही.

भीतीची कबुली साक्षीला वजन देते, हे मराठी वाचकाला वेगळ्या संदर्भात परिचित आहे. फ्रेझर यांचा फ्लॅशमन 'फ्लॅशमन इन द ग्रेट गेम' (१९७५) मध्ये १८५७ च्या झाशीत येऊन पोहोचतो. त्याच झाशीत वेढ्याच्या काळी खरोखर अडकलेल्या विष्णुभट गोडसे वरसईकरांचा 'माझा प्रवास' आजही विश्वसनीय वाटतो, तो बव्हंशी त्यांनी आपले लपणे आणि थरथरणे न लपवल्यामुळे. त्याही संहितेला संपादकाच्या हाताचा इतिहास आहेच. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी ती संस्कार करून छापली आणि दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितानुसारी पाठ १९६६ मध्ये आणला. भ्यालेल्या साक्षीदाराचा कागद कोणाच्या हातून वाचकापर्यंत येतो, हा प्रश्न काल्पनिक संहितेपुरता नाही.

केनच्या संदर्भात तो हात अँबर्ले व्हेलचा आहे, आणि मालिकेतील खरी कलात्मक जमेची बाजू तिच्या तळटिपांत आहे. तिचे केनशी दीर्घकाळचे प्रेमसंबंध होते. आपल्याविषयी त्याने लिहिलेला मजकूर संपादित करताना तिची लेखणी कधी कोरडी होते, कधी मिस्किल, तर कधी नको तेथे थांबते. तळटीप हा विद्वत्तेचा उपचार येथे विरहाचा आणि पाळतीचा एकाच वेळी वाहक होतो. केन ज्या गोष्टींना स्पर्श करीत नाही त्या भरून काढण्यासाठी ती जे उतारे घालते तेही निव्वळ माहितीपर नाहीत. एका ग्रहाच्या 'मुक्ती'चा असा इतिहास तिला वापरावा लागतो, ज्याच्या शीर्षकाच्या पूर्वार्धात अपराध्यांच्या निर्दालनाची हाक आहे आणि उत्तरार्धात निःपक्षपातीपणाचा दावा. सरकारी इतिहासलेखनाचे इतके आटोपशीर विडंबन शोधून मिळणार नाही.

या उताऱ्यांत सर्वांत मार्मिक उतारे जेनिट सुला हिच्या आठवणींतले. केनच्या संहितेत ही कनिष्ठ अधिकारी अतिउत्साही, डोके पिकवणारी, नको तेथे पुढे धावणारी. पुढे ती सेनानी झाली आणि निवृत्त होऊन तिने आपल्या पलटणीचे महाकाव्य लिहिले. ते इतके अलंकारबोजड आहे की अँबर्ले ते वापरताना दर वेळी वाचकाची क्षमा मागते. सुलाच्या पुस्तकात केन हा देवदूत आहे. त्याच्या प्रत्येक क्षुल्लक वाक्याला तेथे सूक्ताचे मोल येते. वाचकाने तोच प्रसंग नुकताच केनच्या बाजूने वाचलेला असतो, आणि ज्या क्षणी तो दरवाज्याचे अंतर मोजत होता त्या क्षणी सुलाला त्याच्या मुद्रेवर धीरोदात्त शांती दिसली, असे त्याला कळते. विनोद उघड आहे. परंतु सुला मूर्ख नाही. ती शूर आहे, कार्यक्षम आहे आणि केनच्या उदाहरणाने ती तशी झाली आहे. नसलेल्या शौर्याच्या अनुकरणातून खरे शौर्य निर्माण झाले असेल, तर मूळ नव्हतेच असे म्हणण्याला किती अर्थ उरतो? रूढ लष्करी आत्मकथनाची थट्टा करण्यासाठी आणलेली ही संहिता नकळत त्याची बाजूही मांडून जाते. मालिकेतील कोणत्याही लढाईपेक्षा हा ताण अधिक टिकाऊ आहे.

अधिकृत इतिहासातून पूर्णपणे वगळला गेलेला माणूस मात्र फेरिक जर्गन. केनचा हा गबाळा, दुर्गंधीयुक्त, अढळ निष्ठेचा सेवक. त्याच्या अंगी एक दुर्मिळ गुण आहे : अतींद्रिय शक्ती त्याच्या सान्निध्यात निष्प्रभ होतात. केन अनेक संकटांतून निभावतो ते यामुळे. तरीही हे गुपित केन आणि अँबर्ले यांच्यापलीकडे फारसे जात नाही, आणि जाहीर दंतकथेत जर्गनला स्थान नाही. साँचो पांझाची परंपरा येथे वेगळ्या वळणावर येते. सेवकाजवळ व्यवहारज्ञान असते एवढेच नव्हे, तर नायकाच्या नायकत्वाचे भौतिक कारणच सेवकाच्या देहात असते. केन हे कृतज्ञतेने मान्य करतो. जर्गनचे स्वतःचे निवेदन मात्र कोठेही नाही. तिपेडी संहितेत चौथा पेड शिपायाचा असावा, असे लेखकाला कधी वाटले नाही, ही या रचनेची मर्यादा होय.

याहून मोठी मर्यादा, किंवा सामर्थ्य, वाचकाच्या स्थानात दडलेले आहे. अँबर्लेने संपादित केलेले हे हस्तलिखित सार्वजनिक नाही. ते इन्क्विझिशनच्या अंतर्गत वितरणासाठी आहे. तळटिपा सहकाऱ्यांना उद्देशून आहेत. म्हणजे कादंबरी वाचणारा माणूस, संहितेच्या आतल्या तर्कानुसार, गुप्त पोलिसाच्या खुर्चीत बसलेला आहे. सत्य त्याला मिळते ते अधिकारी म्हणून. प्रजेसाठी अधिकृत आत्मकथन आणि सुलाचे महाकाव्य पुरेसे आहे. सत्य जाणण्याचा हक्क आणि ग्रह जाळण्याचा हक्क एकाच पदाला जोडलेला आहे, ही जाणीव विनोदाच्या ओघात बोथट होते. केन इतका लाघवी आहे, अँबर्ले इतकी चतुर आहे, की त्यांच्या सहवासात साम्राज्य सुसह्य वाटू लागते. फ्लॅशमनच्या घाणेरडेपणाने जे घडू दिले नाही ते केनच्या माणुसकीने घडते. ती व्यवस्थेला चेहरा देते. आपल्या सैनिकांबाबत भीतीच्या आडून दाखवलेला विवेक शत्रुजातींच्या वाट्याला क्वचितच येतो, आणि तळटीपही तेथे मौन पाळते. आपले साम्राज्य हे आदर्श नसून उपरोध आहे, असे नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला जाहीर निवेदन काढून सांगावे लागले. उपरोधाला खुलासा जोडावा लागतो तेव्हा दोष सर्वस्वी वाचकाचा असतोच असे नाही.

लेखक या धोक्याबाबत अगदीच अनभिज्ञ नाही. 'द ट्रेटर्स हँड'मध्ये बेइजे हा दुसरा कमिसार केनवर भ्याडपणाचा आरोप ठेवतो. केनविषयी खरे ओळखणारा हा माणूस. पण तो ते ओळखतो द्वेषापोटी आणि नेमक्या चुकीच्या वेळी, म्हणजे केन एकदाचा धोक्याच्या दिशेने निघालेला असताना. नियमावलीवर बोट ठेवून चालणारा बेइजे हा साम्राज्याला अभिप्रेत असलेला खरा कमिसार, आणि तो हास्यास्पद ठरतो. ही मांडणी पुढच्या खंडांत टिकली असती तर मालिका वेगळ्या उंचीवर गेली असती. प्रत्यक्षात पुनरावृत्तीचे चक्र फिरू लागते. केन दोन कामांतले सुरक्षित दिसणारे निवडतो, तेच अधिक भयंकर निघते, आणि खंडाच्या अखेरीस कीर्तीत भर पडते. 'केन्स लास्ट स्टँड' (२००८) तेवढे अपवाद मानावे. निवृत्त होऊन पर्लिया ग्रहावर अनाथ विद्यार्थ्यांना शिकवणारा वृद्ध केन तेथे पुन्हा लढतो. पळून जाण्यास जागा नाही, आणि कारणे शोधण्याची त्याची जुनी हौस प्रथमच थकलेली दिसते. आपल्या शिष्यांना तो जे शिकवतो त्यात सैनिकांना गोळ्या घालण्याआधी त्यांच्याशी बोलावे, हा धडा आहे. तो धडाही तो सोयीचा म्हणूनच देतो, अर्थात.

केनच्या सेवापत्रकाविषयी संहितेत एक नोंद आहे. तो मरण पावल्याची चुकीची वार्ता इतक्या वेळा आली, आणि दर वेळी कागदपत्रे दुरुस्त करण्याचा इतका त्रास झाला, की अखेर लष्करी कार्यालयाने त्याला कायमचा सेवेत हजर मानण्याचा निर्णय घेतला. पूर्ण लष्करी इतमामाने त्याचे दफन झाल्यानंतरही तो निर्णय बदललेला नाही.